हातातला डाव

इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ले मोजले, तह मोजले, रणांगणावर पडलेल्या घोड्यांची आणि हत्तींचीही मोजदाद केली. पण दोन लढायांच्या मधल्या रिकाम्या दुपारी शिपाई झाडाखाली बसून काय खेळत होता, याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचेच पाहा. साखरखेर्डा येथे १७२४ साली निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दक्षिणेत आसफजाही सत्तेचा पाया घातला, ही गोष्ट पुस्तकांतून सापडते. सिंदखेडराजा म्हटले की जिजाऊंचे जन्मस्थान डोळ्यांपुढे उभे राहते. लोणारचे विवर तर साऱ्या जगाला ठाऊक झाले आहे. परंतु याच मुलखातल्या माणसांनी फावल्या वेळी कोणते डाव मांडले आणि ते डाव मोडल्यावर उचलून कोठे ठेवले, हे विचारावयास जावे तर दप्तरे मुकी होतात.

हा विषय आता निघण्याचे कारण असे की, अलीकडे दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या घराघरांत एक नवीन वाद ऐकू येतो. हातात धरून खेळावयाचे यंत्र कोणते घ्यावे, आणि घेतल्यावर त्यात साठवणीचे कार्ड केवढे घालावे? घरातील थोरांना हा प्रश्न पोरकट वाटतो. मला तो तसा वाटत नाही. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. म्हणजे तीस-चाळीस हजारांचे यंत्र घेणे हे सहा ते आठ क्विंटल सोयाबीन एका मुलाच्या तळहातावर ठेवण्यासारखे आहे. इतका माल ज्या निर्णयावर लागतो तो निर्णय पोरकट कसा म्हणावा? शिवाय त्या प्रश्नाचे पदर सोडवून पाहिले तर त्यात दोन जुनेच प्रश्न निघतात: खेळ बरोबर कसा न्यावा, आणि तो राखावा कोठे? हे दोन्ही प्रश्न विजेच्या शोधाहून पुष्कळ वडील आहेत.

१

आपल्याकडचे बैठे खेळ पाहिले तर त्यांचे दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग जमिनीवरच्या खेळांचा. खडूचा किंवा कोळशाचा तुकडा घेऊन ओसरीवर पाच घरे उभी आणि पाच घरे आडवी आखली की चंगाष्टा सुरू. कवड्या नसल्या तर चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करावयाची. सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे चालतात, खडे चालतात, ज्वारीचे दाणेही चालतात. नवकंकरी आणि वाघ-बकरी यांचीही तीच तऱ्हा. या खेळांना वाहून नेण्याचा प्रश्नच नाही, कारण खेळाचे सारे भांडवल खेळणाऱ्याच्या डोक्यात. नाशिकच्या पांडवलेण्यांत खडकात कोरलेल्या खळ्यांच्या रांगा दिसतात, त्या अशाच एका खेळाच्या आहेत असे अभ्यासक सांगतात. मनुष्य आला, बसला, खडे टाकून खेळला आणि उठून गेला. पट मात्र जागच्या जागी शेकडो वर्षे राहिला.

दुसरा वर्ग गाठोड्यातल्या खेळांचा. सारीपाट हा त्याचा उत्तम नमुना. फुलीच्या आकाराचा कापडी पट, सोळा सोंगट्या, फासे किंवा कवड्या; डाव संपला की सगळे त्याच कापडात गुंडाळून गाठ मारावयाची. पट हीच पिशवी आणि पिशवी हाच पट! लांबच्या प्रवासाला यापेक्षा सोयीची योजना दुसरी कोणती असणार? आमच्या वऱ्हाडात कापसाची ने-आण बैलगाड्यांनी होत असे आणि खामगावच्या बाजारात गाड्या आल्या की माल उतरेपर्यंत गाडीवानाला थांबावे लागे. १८७० साली व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव हा लोहमार्ग सुरू झाला आणि येथला कापूस थेट मुंबईच्या वाटेला लागला. गाड्यांच्या तळावरून माणसे आगगाडीच्या फलाटावर आली; पण ताटकळणे काही संपले नाही. आणि जेथे ताटकळणे आहे तेथे खिशात मावणाऱ्या खेळाला गिऱ्हाईक आहे, हा नियम खामगावलाही लागू आणि क्योतोलाही.

क्योतोचे नाव मी उगाच घेतले नाही. त्याकडे जाण्यापूर्वी मात्र गंजिफ्याची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे हा खेळ आपल्याकडे रुजला आणि सावंतवाडीच्या चितारींनी लाखेच्या रंगांत त्याचे गोल पत्ते रंगविले. मोगली गंजिफ्यात आठ रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे ९६ पाने. आपल्या लोकांना दहा अवतार त्यात बसवावयाचे होते. तेव्हा रंग दहा झाले आणि पाने १२०. पाने वाढली तशी पेटीही मोठी करावी लागली. साठवण वाढविण्याची गरज आजच्या मुलांनाच प्रथम पडली असे नाही, ती अशी दशावतारांनाही पडली होती!

२

जपानात पोर्तुगीज खलाशांबरोबर पत्ते आले आणि तेथल्या लोकांनी ते आपल्या पद्धतीने बदलून घेतले. त्यातून फुलांच्या चित्रांचा ४८ पानांचा 'हानाफुदा' हा खेळ रूढ झाला. १८८९ साली क्योतो शहरात फुसाजिरो यामाउची या गृहस्थाने हे पत्ते करण्याचा कारखाना काढला. त्या कारखान्याचे नाव निन्टेन्डो. आज जगातल्या पोरांच्या तोंडी असलेले हे नाव मुळात आमच्या सावंतवाडीच्या चितारींच्या भाऊबंदांचे आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

१९६५ मध्ये या कारखान्यात पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करण्यासाठी गुनपेई योकोई नावाचा एक तरुण लागला. असे सांगतात की, पुढे एकदा आगगाडीतून जात असता त्याला शेजारचा एक नोकरदार मनुष्य हिशेबाच्या छोट्या यंत्राची बटणे नुसतीच दाबत बसलेला दिसला. वेळ जात नव्हता, एवढेच त्याचे कारण. योकोईने त्या ताटकळणाऱ्या माणसाकडे पाहिले आणि १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' हे खिशातले यंत्र बाजारात आले. हिशेबाच्या यंत्राचा पडदा, घड्याळाची चपटी बॅटरी आणि एकच एक खेळ. दुसरा खेळ हवा असेल तर दुसरे यंत्र घ्यावे.

तत्पूर्वी एक वर्ष अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने 'मायक्रोव्हिजन' हे यंत्र काढले होते. त्यात खेळाची वडी बदलता येत असे. यंत्र एक आणि खेळ अनेक, ही कल्पना तेथे प्रथम हातात आली. पण त्याचा पडदा अवघा सोळा ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच. तेवढ्या अंगणात मुले फार दिवस रमली नाहीत.

यानंतरचा प्रसंग मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट पाहण्यासारखा आहे. १९८९ मध्ये निन्टेन्डोचा 'गेम बॉय' आला. पडदा हिरवट, त्यावर चार छटा, आतून उजेड नाही. त्याच वर्षी अटारीचा 'लिंक्स' आणि पुढच्या वर्षी सेगाचा 'गेम गिअर' हे रंगीत, उजळ पडद्याचे प्रतिस्पर्धी उभे राहिले. दुकानात शेजारी शेजारी मांडले असता गेम बॉय म्हणजे लग्नघरात मळक्या धोतराने आलेला पाहुणा. पण रंगीत यंत्रांना सहा-सहा सेल लागत आणि चार-पाच तासांत ते सेल मान टाकीत. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास आणि त्याहूनही अधिक चाले. शेवटी कोण टिकले? गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर यंत्रे खपली. मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा उपयोग मात्र नव्या तऱ्हेने करावा, हे योकोईचे सूत्र होते. ज्या घरात बैलजोडी घेताना शिंगांच्या रंगापेक्षा खांदा आणि खूर पाहतात, त्या घराला हे सूत्र समजावून सांगण्याची गरज नाही.

३

आमच्या जिल्ह्यात खरे गेम बॉय फार थोड्यांनी पाहिले. आमच्याकडे आले ते त्याचे चिनी दूरचे नातलग. १९९० नंतरच्या दशकात जत्रेतल्या पालांवर, बसस्थानकाबाहेरच्या टपऱ्यांवर ही यंत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीतून टांगलेली मी पाहिली आहेत. करड्या पडद्यावर वरून काळ्या विटा पडावयाच्या आणि त्या खाली नीट रचावयाच्या. या खेळाचे मूळ नाव टेट्रिस. १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सी पाजितनोव्ह या संशोधकाने तो रचला. मॉस्कोत जन्मलेला, क्योतोच्या यंत्राने जगभर नेलेला आणि चीनमधल्या कारखान्यांतून स्वस्त होऊन आलेला हा खेळ शेगावच्या यात्रेत येणारी पोरे 'विटांचा गेम' एवढ्याच नावाने ओळखीत.

त्या यंत्रावर '९९९९ खेळ' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असे. प्रत्यक्षात खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. वेग बदलला की तोच खेळ नव्या आकड्याने मोजलेला. तथापि त्या यंत्राचे उपकारही विसरता येत नाहीत. विदर्भातल्या खेड्यांत भारनियमनाचे ते दिवस होते, त्या वर्षांत संध्याकाळी वीज गेली की दूरदर्शन संच बंद पडे, पण दोन सेलांवरच्या विटा पडत राहात. पडद्याला स्वतःचा उजेड नसल्यामुळे पोरे कंदिलाच्या भोवती डोकी जमवून खेळत. एकाच्या हाती यंत्र आणि चार जण सल्लागार! चंगाष्ट्याची बैठकच ती, पट तेवढा बदलला होता.

४

आता साठवणीकडे वळू. गेम बॉयच्या टेट्रिसची वडी ३२ किलोबाइटांची होती. आजचा एखादा मोठा खेळ १०० गिगाबाइटांच्या पलीकडे जातो. म्हणजे टेट्रिससारख्या सुमारे तीस लाख वड्या एका खेळात मावतील. जुन्या वडीत खेळ कायमचा कोरलेला असे. परंतु खेळणाऱ्याने कोठवर मजल मारली हे लक्षात ठेवावयाचे तर काय करावे? त्यासाठी वडीच्या आत नाण्याएवढा एक सेल बसवीत. १९९६ साली जपानात निघालेल्या पोकेमॉनच्या वड्यांत तो असे. खेळणाऱ्याची शेकडो तासांची कमाई त्या सेलाच्या जिवावर टिकून राही, आणि काही वर्षांनी सेल विझला की कमाईही विझे.

हा विझण्याचा धोका ज्याने दूर केला तो तोशिबा कंपनीतला शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका. त्याची 'फ्लॅश' स्मृती १९८४ मध्ये जगापुढे आली आणि तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये. तिची रीत आमच्याकडच्या पेवासारखी आहे. पेवात धान्य भरून तोंड लिंपले की वर पहारा नसला तरी ते आत राहते. त्याप्रमाणे या स्मृतीच्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडला जातो आणि भोवतालच्या निरोधक भिंतींमुळे वीज नसतानाही तो वर्षानुवर्षे टिकतो. पण पेव पुन्हा पुन्हा उकरून भरले तर त्याच्या भिंती ढासळतात. तसेच या कप्प्यांचेही आहे. लिहिणे-पुसणे यांची एक मर्यादा आहे, आणि फार वर्षे नुसते पडून राहिले तर भार हळूहळू झिरपतोही. ही स्मृती दीर्घायू आहे; अमर नव्हे.

१९९९ साली मात्सुशिता, सॅनडिस्क आणि तोशिबा या तीन कंपन्यांनी एसडी कार्ड ठरविले आणि २००५ मध्ये त्याचे धाकटे रूप मायक्रोएसडी या नावाने प्रमाण झाले. पंधरा मिलिमीटर लांब, अकरा मिलिमीटर रुंद. करंगळीच्या नखावर राहील एवढे. हातातल्या यंत्रांचे पोट वाढविण्याचे काम आज बहुतांशी हेच करते. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचमध्ये मूळ साठवण ३२ गिगाबाइट होती, म्हणून कार्ड घेणे जवळजवळ भागच पडे. २०२२ च्या स्टीम डेकचा सर्वांत स्वस्त प्रकार ६४ गिगाबाइटांचा होता. त्याचे मागचे झाकण स्क्रू काढून उघडता येते आणि आतली साठवण-पट्टी बदलता येते; मात्र ती २२३० या आखूड मापाचीच हवी, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब.

माझा एक भाचा देऊळगावराजाला असतो. त्याने गेल्या वर्षी मला विचारले, "मामा, तुम्ही इतिहासवाले. सांगा बरं, किती जीबीचं कार्ड घेऊ?" मी म्हणालो, "आधी ते कार्ड कोणत्या यंत्रात जाणार ते सांग." त्याला मी जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण हा प्रश्न पुष्कळ मामांना पडत असणार.

पहिली गोष्ट, यंत्र आणि कार्ड यांची सोयरीक जुळली पाहिजे. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ला खेळ ठेवण्यासाठी मायक्रोएसडी एक्स्प्रेस जातीचेच कार्ड लागते. घरातले जुने कार्ड खाचेत बसते, पण त्यावर खेळ ठेवता येत नाहीत. दुसरी गोष्ट, कार्डावरच्या खुणा वाचाव्या. यू३ ही खूण सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते. ए१ आणि ए२ या खुणा सुटे-सुटे तुकडे किती चपळाईने काढता-ठेवता येतात ते सांगतात. खेळ हा सलग वाचावयाचा ग्रंथ नसून क्षणोक्षणी पाने उलटावयाची वही आहे, म्हणून या खुणांना महत्त्व. तिसरी गोष्ट, १२८ गिगाबाइटांचे कार्ड पुष्कळ यंत्रांत ११९ च दिसते. यात लबाडी नाही. कारखानदार हजाराने मोजतो आणि यंत्र १,०२४ ने मोजते. कच्चा मण आणि पक्का मण यांतला फरक ज्यांच्या आजोबांनी भोगला त्यांना हे लवकर उमजेल.

चौथी गोष्ट मात्र खऱ्या लबाडीची. भाच्याच्या एका मित्राने शहरातल्या एका दुकानातून ५१२ गिगाबाइटांचे कार्ड निम्म्या किमतीत आणले. यंत्राने ते ५१२ चेच दाखविले. पण आत खरी जागा होती सुमारे ३२ ची. ती भरल्यावर पुढचे लिखाण पोकळीत जाऊ लागले आणि खेळ एकामागून एक बिघडले. अशा कार्डाला खोटा आकडा पढविलेला असतो. ती जुनी '९९९९ खेळां'ची पाटीच पुन्हा उगवली म्हणावयाची! यावर उपाय एकच. नवे कार्ड प्रथम संगणकात घालून काठोकाठ भरावे आणि भरलेले सारे परत वाचून ताडून पाहावे. हे काम करणारी साधने फुकट मिळतात. ज्वारीचे पोते विकत घेताना आपण बंबी खुपसून तळातले दाणे काढून पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

पाचवी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्विचच्या कार्डात खेळ राहतो, परंतु खेळणाऱ्याची मजल यंत्राच्याच पोटात राहते. कार्ड जपून ठेवले म्हणजे सारे वाचले, या समजुतीवर विसंबू नये.

५

येथपर्यंतचा इतिहास वाढीचा आहे. ९६ पानांची १२० पाने झाली, ३२ किलोबाइटांचे शेकडो गिगाबाइट झाले. पण जी वस्तू एवढ्या मोठ्या कोठारात ठेवावयाची ती आपली आहे काय? येथे मला इतिहासाची दिशा उलटी फिरलेली दिसते.

सारीपाट घेतला की तो घराचा झाला. वडी घेतली की तीही घराची. ती धाकट्या भावाला देता येई, विकता येई. आज खेळ बहुधा दुकानातून न येता तारेवरून उतरतो आणि आपण पैसे मोजून घेतो तो केवळ वापरण्याचा परवाना. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने आपल्या थ्रीडीएस या यंत्राचे तारेवरचे दुकान नव्या खरेदीसाठी बंद केले; जे खेळ केवळ तेथेच मिळत ते त्या दिवसापासून सरळ मार्गाने विकत घेण्याची सोय उरली नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात मिळत नाहीत, असे तीत आढळले. २०२५ च्या प्रारंभापासून कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने विक्रेत्यांवर बंधन आले की, ग्राहकाला मालकी मिळत नसून परवाना मिळतो हे स्पष्ट सांगावे. स्विच २ साठी तर अशाही वड्या निघाल्या आहेत की ज्यांत खेळ नसून केवळ किल्ली असते. खेळ तारेवरूनच उतरवून घ्यावयाचा.

आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात सांगता येईल. वहिवाट तुमची, पण सातबारा दुसऱ्याच्या नावाचा. जो मनुष्य असे शेत घेताना दहादा विचार करतो त्याने आपल्या मुलाचे यंत्र घेतानाही एकदा तरी विचार करावा.

म्हणून माझा सल्ला असा की, यंत्र निवडताना पडद्याची झळाळी शेवटी पाहावी. आधी पाहावे की वीज आणि जाळे दोन्ही गेले असता ते किती वेळ आणि काय खेळू देते. त्याचा सेल आणि साठवण बदलता येते की नाही. आणि त्यावरचे खेळ आपल्याजवळ राहतात की दूरच्या कोणाच्या मर्जीवर. कार्ड गरजेपेक्षा थोडे मोठे घ्यावे, फार मोठे नको. कारण सारे अंडे एकाच टोपलीत ठेवणारा जसा फसतो तसाच सारी साठवण एका नखाएवढ्या तुकड्यावर ठेवणाराही फसतो. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डे बरी, आणि जेथे यंत्र परवानगी देते तेथे आपल्या मजलेची एक नक्कल घरच्या संगणकात असावी.

आणि या सगळ्याबरोबर ओसरीवरचा चंगाष्टाही पोरांना शिकवून ठेवावा. त्याची रेघ रोज संध्याकाळी केरसुणीने पुसली जाते, तरी शेकडो वर्षे तो हरवलेला नाही. कारण तो कोणत्याही वडीत वा कार्डात कधीच ठेवलेला नव्हता. आजीने नातीला सांगितला, नातीने पुढे आपल्या मुलांना सांगितला. यंत्रांच्या खेळांचा इतिहास उद्या कोणाला लिहावयाचा झाला, तर त्याच्या हाती खेळण्याजोगे खेळ शिल्लक असावेत, एवढीच माझी इच्छा आहे. आणि ते राखण्याचे काम आज यंत्र विकत घेणाऱ्या घरांकडे आले आहे.